समितीवरची जमनाबाय

जमनाबायचं नाव तज्ज्ञांच्या समितीवर लागलं तेव्हा गावाला हसायला चांगलंच निमित्त मिळालं. समितीत प्राध्यापक होते, पाणी तपासणारे होते, रोगराईचा अभ्यास केलेले एक मोठे डॉक्टर होते. आणि त्यांच्या पंगतीला आमची जमना मेहेर, चौथीत शाळा सोडून आईच्या मागे खाडीत उतरलेली. तिचा दीर तिला तोंडावर "मॅडम" म्हणायला लागला. ती काही चिडली नाही. "मॅडम तं मॅडम," म्हणाली, "पन मॅडमचा टोपला जरा डोक्यावर चढव."

मी विजया. इथल्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून नोकरी केली आणि इथूनच निवृत्त झाले. आमची चिकूची वाडी आहे. नवरा झाडांत रमतो आणि मी माणसांत. गावात मला कुणी नावाने हाक मारत नाही, सगळ्यांची मी नर्सबाय. जमनाबाय वयाने माझ्याहून थोडी मोठी, पण तीही नर्सबायच म्हणते. समितीच्या बैठकांना तिच्यासोबत मी जात असे, कारण कागद इंग्रजीत यायचे आणि ती म्हणायची, "तू वाच, मी समजून घेते." तेव्हा हे जे सांगतेय त्यातलं बहुतेक माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

आमचं गाव खाडीच्या मुखाशी. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, तिवरांची झाडं आणि गुडघाभर चिखल. पुरुष होडीवर जातात, पोरं बोईसरच्या कारखान्यांत नाहीतर तारापूरला कंत्राटी कामाला, आणि खाडी बायकांची. ओहोटीला त्या चिखलात उतरतात, पायाच्या बोटांनी शिंपली चाचपतात आणि वाकून काढतात. जमनाबाय या कामात मुरलेली. नवरा तरुणपणीच तापाने गेला. एकुलत्या प्रीतमला तिने शिंपल्या विकून वाढवलं, शिकवलं, बोईसरला नोकरीला लागेपर्यंत पाठीशी उभी राहिली. बोलायला फटकळ, चालायला भरभर, आणि खाऊ घालायला सगळ्यांच्या पुढे. पोस्टमन, वायरमन, मतदारयादीचं काम करणारे मास्तर, सगळे तिच्या ओटीवर जेवलेत. "खा रं," म्हणायची, "तुजी बायको काय तुला घालत नाय वाटते."

प्रीतमचं लग्न झालं. सून समिधा वैतरण्याची, बारीक चणीची आणि कमी बोलणारी. दोघींचं बरं जमलं. एक अखंड बोलायची आणि दुसरी हसायची, असा त्या घरचा संसार होता. समिधाला दिवस गेले तेव्हा जमनाबायचा पाय घरात ठरेना. ओहोटी साधून खाडीत उतरायची आणि काढलेल्या शिंपल्या धुऊन तशाच थेट पातेल्यात. आमच्याकडे बायकांचा समज असा, की शिंपली काढल्याबरोबर शिजवली तरच तिच्यात जोर; पाण्यात ठेवली की जोर निघून जातो. म्हणून पोटुशी बाईला ताजीच. समिधाला कधी नको व्हायचं, तोंड फिरवायची. मग सासू समोर बसून आर्जवं करायची, "एक गो, पोरासाटी एक." आणि समिधा हसून खायची.

आठव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. पालघरला नेलं, पण तोवर उशीर झाला होता. मुलगी होती. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झालेली, तरी धावत गेले. समिधाने मला एवढंच विचारलं, "नर्सबाय, माजा काय चुकला?" हा प्रश्न मी उभ्या नोकरीत कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलाय. त्याला उत्तर द्यायला मला कुणी शिकवलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही.

समिधाची आई वैतरण्याहून आली. तिने लेकीला जवळ घेतलं आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, जमनाबायला म्हणाली, "माज्या पोरीला चिखल खाऊ घातलात तुमी. त्या नासक्या खाडीतला चिखल." जमनाबाय एरवी एकाला दोन ऐकवणारी. त्या दिवशी तिने निमूट ऐकून घेतलं. "आई, असं बोलू नको" एवढंही समिधा म्हणाली नाही, आणि तेच जमनाबायच्या वर्मी लागलं.

पुढे कित्येक दिवस ती माझ्या ओटीवर येऊन बसायची. "नर्सबाय, खरा सांग. माज्या हातानं झाला का?" मी सांगायची, अशी बाळं जातात, पुष्कळदा कारण सापडतच नाही, जन्मात शिंपली न बघितलेल्या बायकांचीही जातात. ती सगळं ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "म्हंजे तुला ठावं नाय." आणि ते खरं होतं. मला ठाऊक नव्हतं, मोठ्या डॉक्टरांनाही नव्हतं. घरात समिधा तिच्याशी नीट वागायची, चहा हातात द्यायची, पण सासूने वाढलेलं तिला जाईना. दोन घास खाऊन "पोट भरला" म्हणायची आणि ताट घेऊन उठायची. जमनाबाय ते ताट बघत बसायची.

अशात एका ओहोटीला खाडीत मासे पोट वर करून तरंगले. मोर्चा निघाला, पेपरात फोटो आले आणि वरून समिती नेमली गेली. नाव एवढं लांब की फलकावर तीन ओळी लागल्या. पर्यावरणीय धोका, सार्वजनिक आरोग्य, ग्राहक सुरक्षा, सगळं त्यात कोंबलेलं. गावाने तिची 'खाडीवाली कमिटी' करून टाकली. समितीवर एक स्थानिक मच्छीमार महिला असावी असं ठरलेलं होतं. बायकांना विचारलं तर सगळ्या मागे सरल्या. खाडी खराब ठरली तर आमचं टोपलं कोण घेणार, हा त्यांचा सवाल, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. शेवटी सरपंच नरहरीभाऊंनी जमनाबायला पुढे केलं. त्यांना वाटलं, हिचं पोटच खाडीवर, ही खाडीला नाव ठेवू देणार नाही. जमनाबाय एका शब्दावर तयार झाली. ती कशासाठी चाललीय हे नरहरीभाऊंच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं.

पहिली बैठक पालघरला झाली. पुष्पगुच्छ झाले, चहा झाला, काजू-बिस्किटं झाली. मला या बैठकांचा जुना राग आहे. यांना मुद्द्यावर यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आम्ही एक बाळंतपण उरकायचो. मग दिवे घालवून पडद्यावर आलेख लागले आणि इंग्रजी सुरू झालं. जमनाबाय मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसली होती. शेवटी अध्यक्षांनी, म्हणजे एका निवृत्त प्राध्यापकांनी, सौजन्य म्हणून विचारलं, "स्थानिक सदस्यांना काही सांगायचं आहे का?"

जमनाबाय उभी राहिली, पदर सारखा केला. "येवडाच सांगा. पोटुशी बाईनं आमच्या खाडीची शिंपली खाल्ली तं पोराला काय होते का नाय?"

अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो आपल्या कार्यकक्षेत थेट बसत नाही." समितीच्या नावात सार्वजनिक आरोग्य होतं, पोटुशी बाई त्या सार्वजनिकात मोडत नसावी. तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून एक बाई बोलल्या. डॉक्टर भाविका वझे, खाण्याच्या पदार्थांत काय काय विषारी उतरतं ते तपासणाऱ्या, सगळ्या सदस्यांत वयाने लहान. "सर, आपण पाणी मोजू, चिखल मोजू, पण लोकांना शेवटी हेच हवंय. शिंपल्यांचे नमुने घेऊ या." बराच खल झाला आणि शेवटी शिंपल्यांचं नाव कामात घातलं गेलं. परतताना जमनाबाय मला म्हणाली, "ती पोर शानी हाय." भाविका मॅडम पन्नाशीला टेकल्या असतील, पण जमनाबायला जो आवडला तो पोर.

नमुने न्यायला प्रयोगशाळेचा नीलेश येणार होता. त्याची वेळ सकाळी उशिराची आणि ओहोटी पहाटेची. खाडी काही कचेरीच्या वेळा पाळत नाही. त्याने फोनवर सांगून टाकलं, "बाई, तुम्हीच काढून ठेवा, मी येऊन घेऊन जातो." जमनाबायने काढल्या. वरून येणारा नाला जिथे खाडीला मिळतो तिथल्या, म्हणजे समिधासाठी काढायची तिथल्याच. त्या दिवशी नीलेशची गाडी वाटेत बिघडली आणि तो दोन दिवसांनी उगवला.

मी त्या आठवड्यात बहिणीकडे पालघरजवळच्या माहीमला होते, तिच्या पानवेलीच्या वाडीत. पण जमनाबायने जे केलं ते आमच्या गावातल्या कुठल्याही बाईने केलं असतं. घरात खायची किंवा बाजारात न्यायची शिंपली वरवर धुतली की झालं. परक्याला द्यायची, पाहुण्याकडे पाठवायची, तर मात्र पोटात चिखल असलेली देणं म्हणजे लाज. मग समुद्राच्या बाजूने, खडकाकडून, नितळ खारं पाणी आणायचं, शिंपल्या त्यात ठेवायच्या आणि पाणी बदलत राहायचं. त्या तोंड उघडतात आणि पोटातला गाळ टाकतात. काळ्या पडलेल्या, वास येणाऱ्या निवडून फेकायच्या. ज्या घरून वाळूची शिंपली आली त्या घरच्या बाईला वर्षभर टोमणे खावे लागतात. आणि हा तर भाविका मॅडमचा माणूस. जमनाबायने दोन दिवस खडकाकडून पाणी वाहिलं. नीलेश आला तेव्हा शिंपल्या लखलखीत होत्या. "वा बाई, एकदम स्वच्छ!" म्हणाला आणि त्याने त्या बर्फाच्या डब्यात भरल्या. जमनाबाय खूश झाली. त्याला जेवू घातल्याशिवाय काही सोडलं नाही.

अहवाल पावसाळ्याच्या तोंडावर आला. भाविका मॅडम स्वतः गावात आल्या आणि शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. मराठीत बोलल्या, सावकाश. शिसं, पारा, कॅडमियम, एकेकाचं नाव घेऊन सांगितलं की शिंपल्यांत ते घातक म्हणावं इतकं सापडलं नाही. खाडीचं पाणी काही जागी वाईट आहे, त्यावर काम व्हायला हवं. शिंपली खायला मात्र हरकत दिसत नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. समिधा मागच्या बाकावर बसली होती. ती उठली, गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि सासूच्या गळ्यात पडली. "आई, तुमच्यामुलं नाय झाला. तुमच्यामुलं नाय झाला." ती रडतच होती. मीही रडले, लपवत नाही.

त्यानंतरचे दोन-तीन महिने त्या घराला चांगले गेले. वैतरण्याहून विहीणबाई आल्या, केळ्यांचा घड घेऊन, आणि जमनाबायच्या पाया पडायला वाकल्या. हिने त्यांना वरच्यावर धरलं. "बोलला तं बोलला," म्हणाली, "आई हायस, तू नाय बोलणार तं कोन बोलल?" समिधा सासूच्या हातचं मागून खायला लागली. एकदा मी गेले तर दोघी ओटीवर मासळी निवडत बसल्या होत्या आणि जमनाबाय अध्यक्षांची नक्कल करत होती, "कार्यकक्षेत बसत नाय, कार्यकक्षेत बसत नाय," आणि समिधा पोट धरून हसत होती. इतकी हसताना मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा बघितली.

गणपती झाले आणि समितीचं पुढचं काम सुरू झालं. नमुने दर मोसमात घ्यायचे, तर ते गावातल्या बायकांनीच नीट काढून द्यावेत, म्हणून भाविका मॅडम शिकवायला आल्या. आठ-दहा बायका जमल्या, पुढे अर्थातच जमनाबाय. मॅडमनी पिशवी दाखवली, बर्फाचा डबा दाखवला. "काढली की चिखलासकट पिशवीत आणि पिशवी लगेच बर्फात. निवडायची नाही. धुवायची नाही. स्वच्छ पाण्यात तर अजिबात ठेवायची नाही. शिंपली स्वच्छ पाण्यात पोट रिकामं करते, आणि आपण जे शोधतोय त्यातलं किती त्यासोबत निघून गेलं हे मग सांगता येत नाही."

मी जमनाबायच्या शेजारी होते. तिने विचारलं, "आनि ठेवली तं?"

"तर तो नमुना फुकट," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या पिशवीकडे वळल्या.

शिकवणं संपलं, चहा आला, जमनाबायने कप हातात धरला आणि प्यायली नाही. मला वाटलं, तिला बरं वाटत नाहीये. घरी परतताना तिवरांच्या बांधावर ती थांबली आणि तिने मला सगळं सांगितलं, ते खडकाकडचं पाणी, ते निवडणं, ते दोन दिवस. "मी तं फुकटच्या दिल्या गो त्याला," म्हणाली. "समिधानं खाल्ल्या त्या येगल्या व्हत्या. त्या तं कोनी तपासल्याच नाय."

मी तिला स्पष्ट सांगितलं, गप्प बस. कुणाला कळणार नाही. जे गेलं ते परत येणार नाही, आणि त्या पोरीला आत्ता कुठे झोप लागायला लागलीय. आजही मला वाटतं की मी सांगितलं ते बरोबर होतं. खरं बोलण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी समिधाचा तो हसरा चेहरा बघितलेला नाही.

जमनाबाय म्हणाली, "आनि उद्या तिला परत दिवस गेलं तं? ती सांगल, आई, शिंपल्या करा. मंग मी काय करू, सांग."

पुढच्या बैठकीला पालघरला जाताना तिने समिधाला सोबत घेतलं. मी विचारलं, आधी घरात का सांगत नाहीस? तर म्हणाली, "घरात सांगला तं ती माजी कीव करल, आनि मी तिथंच थांबन. मंग कमिटीला सांगायचा ऱ्हाऊन जाईल." समिधाला वाटलं, सासूचा मान बघायला चाललोय. नवी साडी नेसून आली होती. तिला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि बैठक सुरू झाल्याबरोबर जमनाबाय उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, आधी मागच्या सभेच्या इतिवृत्ताचं वाचन होऊ दे. ती बसली नाही. तिने सगळं सांगितलं, एका दमात, टेबलाकडे बघत.

भाविका मॅडमनी हळूच विचारलं, "आणि सूनबाईंना कशा द्यायचात?"

"ताज्या. काढल्या का पातेल्यात. पान्यात ठेवल्या का जोर जाते, म्हनून."

मी समिधाकडे बघितलं. ती हातातला रुमाल घट्ट धरून सासूकडे बघत होती. तिला कळलं होतं.

अध्यक्ष वैतागले. अहवाल वर गेला आहे, तो आता असा मागे घेता येत नाही, पुढच्या टप्प्यात पाहू, वगैरे. भाविका मॅडम ऐकेनात. "चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "कसं काढायचं हे आधी सांगायला हवं होतं आणि आमच्या माणसाने समोर उभं राहून घ्यायला हवं होतं. या बाईंनी सांगितलं नसतं तर आपण उद्या गावोगाव हेच सांगत फिरलो असतो." पुष्कळ वाद झाला. शेवटी शिंपल्यांचा निष्कर्ष काढून टाकायचा ठरला आणि त्या जागी एक ओळ घातली: पुरेशा पुराव्याअभावी मत देता येत नाही. जमनाबायने माझ्याकडून ती ओळ पुन्हा समजावून घेतली. मी म्हटलं, म्हणजे वाईट आहे असंही नाही आणि चांगली आहे असंही नाही. ती म्हणाली, "हा तं मला आदीच ठावं व्हता."

परतीच्या वाटेवर समिधा खिडकीशी बसून बाहेर बघत राहिली. बोईसर आलं तरी तिने मान वळवली नाही. दोन दिवसांनी ती वैतरण्याला गेली, "थोडे दिवस आईकडं" म्हणून. जमनाबायने तिला अडवलं नाही. प्रीतम आईशी कामापुरतं बोलायचा. आणि गावातल्या बायका तर तिच्यावर खवळल्याच, कारण बातमी बोईसरच्या बाजारात पोचली आणि गिऱ्हाईक टोपलीपाशी येऊन विचारायला लागलं, शिंपली कुठल्या खाडीची? पारू, जी लहानपणापासून तिच्यासोबत खाडीत उतरायची, तिने भर बाजारात तोंड सोडलं. "सोताच्या पोटावर पाय दिलास तं दे. आमच्या कशाला?" जमनाबाय आपलं टोपलं उचलून दुसरीकडे जाऊन बसली. ज्या बाईच्या जिभेला सगळं गाव टरकायचं, तिला कुणीही काहीही बोलावं असे ते दिवस होते. मला फार वाईट वाटायचं आणि रागही यायचा, तिचाच. मी सांगितलं होतं तर ऐकायचं ना, असा.

ती मात्र एका गोष्टीची वाट बघत होती. पुन्हा नमुने घ्यायचे ठरले होते, दिवाळीनंतर. "आता बराबर काढीन," म्हणायची. "मंग जे काय असल ते असल. खराब निंगाली तं मी समिधाच्या पायावर डोका ठेवीन. पन येकदा कळू दे."

तो दिवस आला. ओहोटी सकाळी चांगली उजाडल्यावरची होती. भाविका मॅडम स्वतः आल्या, नीलेश होता, बर्फाचे डबे होते. बांधावर आम्ही उभे होतो तेवढ्यात मागून समिधा आली. वैतरण्याहून एकटीच निघून आली होती. कुणी तिला बोलावलं नव्हतं. जमनाबायने तिला बघितलं, साडी खोचली आणि नाल्याच्या तोंडाशी चिखलात उतरली.

पायाने चाचपत ती थोडी पुढे गेली, वाकली आणि शिंपली वर काढली. कवचाच्या दोन्ही झापा उघड्या, आत काळा चिखल. ती फेकून दुसरी काढली. तीही तशीच. मग ती हातांनी उकरायला लागली, कोपरापर्यंत हात घालून. नीलेशही उतरला, तिच्या पलीकडे शोधू लागला. मेलेल्या शिंपल्यांचा नुसता खच होता. जिवंत एक मिळेना. पारू आणि बाकीच्या बायका पलीकडच्या काठाला होत्या, त्यांनीही ओरडून तेच सांगितलं. पावसाळ्यातल्या गोड्या पाण्याने मेल्या, की नाल्यातून काही आलं, की आणखी कशाने, ते कुणालाच सांगता येईना. समितीला एक नवीन प्रश्न मिळाला.

जमनाबाय काठाशी आली. तिच्या दोन्ही हातांत रिकाम्या शिंपल्या होत्या. "ह्या न्या," ती मॅडमना म्हणाली. "ह्यातून काय कळल का?"

भाविका मॅडमनी त्या घेतल्या, चिखलाचेही नमुने घेतले. मग म्हणाल्या, "जमनाबाई, या का मेल्या ते कदाचित कळेल. आजच्या चिखलात काय आहे ते नक्की कळेल. पण समिधाने तेव्हा जे खाल्लं त्यात काय होतं, ते आता यातून कळणार नाही."

"कदीच नाय?"

"नाही."

त्या बाईंनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांना मानते. त्या खाली मान घालून डब्यांकडे गेल्या. जमनाबाय तिथेच, पाण्याच्या कडेला, चिखलात उकिडवी बसली. समिधा बांधावरून खाली उतरली, चपला हातात घेऊन, आणि तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"आई, घरी चला," ती म्हणाली. "माज्या मनात आता काय नाय. मी परत कंदी बोलणार नाय ह्यावर. तुमी पन सोडा."

जमनाबायने वर बघितलं. तिचा चेहरा मला बांधावरून नीट दिसत होता आणि तो मला बघवेना.

"नको गो आसा बोलू," ती म्हणाली. "भांड माज्याशी. तुज्या आईसारका चार लोकांत बोल मला. तू भांडलीस तं मला वाईच बरा वाटल."

समिधा काही भांडली नाही.